करारनामा आणि फारखत

दिनांक ५ सप्टेंबर १९४६ रोजी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेचे कामकाज पॅरिस येथे चालू असताना, इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रूबर यांनी ज्या दस्तऐवजावर सह्या केल्या, तो दोन पानांत सहज मावेल एवढाच आहे. त्याला प्रास्ताविक नाही, व्याख्यांचे कलम नाही, मतभेद उद्भवल्यास निवाडा कोणी करावा याविषयी एक अक्षरही नाही. आहेत ती केवळ तीन कलमे, आणि तीही इंग्रजीत, म्हणजे सह्या करणाऱ्या दोघांपैकी एकाचीही मातृभाषा नसलेल्या भाषेत. आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतारावर, ब्रेनर खिंडीच्या खाली वसलेल्या ज्या मुलखाला तेथील बहुसंख्य लोक दक्षिण टिरोल म्हणतात आणि इटलीचे सरकार वरचे आदिजे असे म्हणत आले, त्या मुलखातील जर्मन भाषकांच्या हक्कांचा पाया हीच तीन कलमे होत.

दस्तऐवज भाषांतरासाठी हाती घेतला की पहिली अडचण शब्दांची येते, आणि ती अडचण वाचकापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. सरकारी कचेऱ्यांत जर्मन आणि इटालियन या भाषांना समान दर्जा द्यावयाचा, एवढाच अर्थ सांगण्यासाठी मसुदाकारांनी ‘पॅरिफिकेशन’ असा एक शब्द योजला आहे. इंग्रजीत तो रूढ नाही, आणि त्याच्या अंगावरचा पोशाख तेवढा इंग्रजी असून जन्म इटालियन भाषेतला आहे, हे उघड दिसते. ‘अल्पसंख्य’ हा शब्द संपूर्ण करारात एकदाही येत नाही. ज्यांच्यासाठी करार झाला त्यांना कोठे ‘जर्मन भाषक रहिवासी’, कोठे ‘जर्मन भाषक नागरिक’ आणि कोठे नुसते ‘जर्मन भाषक घटक’ म्हटले आहे. ‘घटक’ हा रसायनशाळेत शोभणारा शब्द माणसांच्या समुदायाला लावलेला पाहून प्रथम मन खट्टू होते, परंतु ‘लोक’ म्हटले तर स्वयंनिर्णयाचा प्रश्न उभा राहील आणि ‘अल्पसंख्य’ म्हटले तर राष्ट्रसंघाच्या काळातील सगळ्या कटू स्मृती जाग्या होतील, अशी दुहेरी भीती त्या निवडीमागे असावी, असे कराराचा पूर्वेतिहास पाहता मला वाटते. त्याहून मनाला चटका लावणारी गोष्ट तिसऱ्या कलमात आहे. तेथे उत्तर टिरोल आणि पूर्व टिरोल यांच्यामधून उतारू व माल यांची ये-जा विनाअडथळा व्हावी अशी तरतूद आहे. उत्तर आहे, पूर्व आहे, परंतु ज्या दक्षिणेसाठी हा सारा खटाटोप, ती दक्षिण नावाने कोठेच नाही. तिचा उल्लेख ‘बोल्झानो प्रांत’ असा आहे.

इतका त्रोटक आणि इतका संदिग्ध करार टिकला कसा, आणि टिकूनच न थांबता पुढे युरोपातील अल्पसंख्यांच्या संरक्षणाचा एक नमुना कसा ठरला, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. माझे उत्तर आरंभीच सांगून ठेवतो. हक्काचे कलम किती उदारपणे लिहिले आहे यावर त्याचे बळ ठरत नाही. त्या कलमाबद्दल जाब विचारण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि सर्व काही पावले अशी फारखत लिहून देणे कोणाच्या हाती आहे, यावर ते ठरते. आपल्याकडच्या सावकारी व्यवहारात कर्जरोख्याइतकेच फारखतीला महत्त्व असे, आणि शहाणा माणूस शेवटचा हप्ता पदरात पडल्याखेरीज ती लिहून देत नसे. दक्षिण टिरोलच्या लोकांनी एकदा ती घाईने लिहून दिली आणि तिची किंमत मोजली. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी तेवीस वर्षे धीर धरला.

या हकिकतीचा आरंभ पहिल्या महायुद्धात आहे. २६ एप्रिल १९१५ च्या लंडन येथील गुप्त तहान्वये, युद्धात आपल्या बाजूने उतरण्याच्या मोबदल्यात ब्रेनरपर्यंतचा मुलूख देण्याचे वचन मित्रराष्ट्रांनी इटलीला दिले होते. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी आपल्या चौदा कलमांपैकी नवव्या कलमात इटलीची सरहद्द राष्ट्रीयत्वाच्या स्पष्ट ओळखू येणाऱ्या रेषांनुसार ठरावी असे म्हटले होते खरे, परंतु १९१९ च्या सें-जेर्मेंच्या तहात सरहद्द ठरली ती भाषेच्या रेषेवर नव्हे, तर पर्वताच्या पाणलोटावर. १९१० च्या खानेसुमारीप्रमाणे या मुलखातील सुमारे अडीच लाख वस्तीपैकी ८९ टक्के लोक जर्मन भाषक होते आणि इटालियन भाषक तीन टक्क्यांच्या आसपास. १० ऑक्टोबर १९२० रोजी हा मुलूख रीतसर इटलीत सामील झाला.

येथे एक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाचा कणा तीच आहे. त्याच वर्षांत पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया इत्यादी नव्या अथवा विस्तारलेल्या राष्ट्रांकडून अल्पसंख्यांच्या संरक्षणाचे तहनामे लिहून घेण्यात आले आणि त्यांच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रसंघाकडे सोपविण्यात आले. वरच्या सायलेशियासाठी जर्मनी आणि पोलंड यांच्यात १९२२ साली जिनीव्हा येथे जो करार झाला त्याची तर सहाशे सहा कलमे होती. परंतु इटली हे विजयी आणि बडे राष्ट्र. बड्या राष्ट्राकडून असा तहनामा मागणे हा त्याचा अपमान समजला गेला, म्हणून दक्षिण टिरोलच्या जर्मन भाषकांच्या वाट्याला कलम आले नाही, तोंडी आश्वासने तेवढी आली. वॉर्सा आणि प्राग येथील सरकारांविरुद्ध जिनीव्हाकडे अर्ज करता येत होता. रोमविरुद्ध तो करता येत नव्हता.

फॅसिस्ट राजवटीखाली त्या आश्वासनांचे काय झाले ते विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण १९४६ च्या कराराचे पहिले कलम म्हणजे त्या राजवटीच्या एकेका फर्मानाला दिलेले उत्तर आहे. रोव्हेरेतो येथे जन्मलेल्या एत्तोरे टोलोमेइ नावाच्या गृहस्थाने, हा मुलूख मुळात लॅटिनच आहे आणि त्यावर जर्मनपणाचा केवळ लेप चढला आहे, या एका कल्पनेला आयुष्य वाहिले होते. गावे, ओढे, शिखरे यांची हजारो इटालियन नावे त्याने सिद्ध केली. त्यांतली काही जुन्या नोंदींत सापडलेली, काही जर्मन नावाचा शेवट बदलून केलेली, तर काही सरळ घडविलेली होती. श्टेर्त्सिंगचे व्हिपितेनो झाले, ब्रुनेकचे ब्रुनिको झाले, आणि १९२३ च्या फर्मानाने ही नामावळी सरकारी ठरली. त्याच वर्षी जुलै महिन्यात बोल्झानोच्या नाट्यगृहात टोलोमेइने आपला बत्तीस कलमी कार्यक्रम जाहीर केला, आणि शरद ऋतूत शिक्षणमंत्री जेंतिले यांच्या कायद्याने शाळांतून जर्मन भाषा वर्गामागून वर्ग हद्दपार होऊ लागली. ‘टिरोल’ हे नाव उच्चारण्याला बंदी आली, वर्तमानपत्रे बंद झाली, आडनावांची इटालियन रूपे तयार झाली, आणि थडग्यांवरील जर्मन लेखांनाही परवानगी राहिली नाही.

यावर लोकांनी जो उपाय केला त्याचे वर्णन करताना कोणाही शिक्षणप्रेमी माणसाचे मन भरून यावे. शेतघरांच्या खोल्यांत, तळघरांत, गवताच्या माळ्यांवर मुलांना चोरून जर्मन वाचन-लेखन शिकविणाऱ्या गुप्त शाळा निघाल्या. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी रोममध्ये भुयारांत उपासना केली त्या स्मरणाने त्यांना ‘भुयारी शाळा’ असे नाव पडले. धर्मोपदेशक मिखाएल गाम्पर हे त्यांचे प्रमुख प्रेरक होते. सालुर्नचे वकील योझेफ नोल्डिन यांनी या कार्यापायी लिपारी बेटावर हद्दपारी सोसली आणि १९२९ साली त्यांचा अंत झाला. शिकविणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, आणि पकडले गेल्यास दंड, तुरुंग किंवा हद्दपारी यांपैकी काय वाट्याला येईल याचा नेम नव्हता. पुढे पॅरिसच्या करारात ‘प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण मातृभाषेतून’ हे शब्द सर्व हक्कांच्या अग्रभागी आले, त्यांच्यामागे हे माळे आणि ही तळघरे आहेत.

बोल्झानो शहरात १९२८ साली विजयस्मारक उभे राहिले, १९३५ पासून औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि दक्षिणेकडून हजारो इटालियन कामगारांची कुटुंबे तेथे आणून वसविण्यात आली. तरीही काम पुरे होईना, तेव्हा १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपसांत असा निकाल केला की, ज्यांना जर्मन राहावयाचे आहे त्यांनी मुलूख सोडून जर्मन साम्राज्यात जावे आणि ज्यांना मुलूख सोडावयाचा नाही त्यांनी इटालियन व्हावे. निवडीची मुदत त्या वर्षाच्या अखेरपर्यंत होती. जमीन की भाषा, असा प्रश्न मनुष्याला विचारणे हेच मुळात पाप आहे, आणि त्या पापाचे फळ घराघरात दिसले. जाण्याचा पर्याय लिहून देणारे आणि येथेच राहणारे, अशी भावाभावांत फूट पडली, राहणारांना शेजाऱ्यांनी वाळीत टाकले, त्यांच्यावर गद्दारीचा शिक्का मारला. ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी जाण्याचा पर्याय स्वीकारला. प्रत्यक्षात सुमारे पंचाहत्तर हजार लोक गेले, आणि तोवर युद्धाने ते स्थलांतर थांबविले. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शस्त्रे खाली ठेवताच जर्मन सैन्याने हा मुलूख ताब्यात घेतला आणि युद्धाच्या अखेरीपर्यंत तेथे त्याचाच अंमल होता.

८ मे १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपले त्याच दिवशी, बोल्झानोत दक्षिण टिरोल लोकपक्षाची स्थापना झाली. त्याचे पहिले अध्यक्ष एरिख आमोन हे राहणारांपैकी होते, आणि नव्या परिस्थितीत मित्रराष्ट्रांशी बोलणी करण्यास असाच माणूस चालण्यासारखा होता. ऑस्ट्रियात परत जाण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या जमल्या आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये तो इन्सब्रुक येथे चॅन्सेलर फिगल यांच्या हाती देण्यात आला. परंतु मित्रराष्ट्रांचा विचार वेगळा होता. पूर्वेकडे युगोस्लाव्हियाला मुलूख द्यावा लागणाऱ्या इटलीला उत्तरेकडेही दुबळी करणे त्यांना नको होते. १ मे १९४६ रोजी त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ऑस्ट्रियाची मागणी फेटाळली. चार परकीय सैन्यांच्या ताब्यात असलेल्या, स्वतःचे सार्वभौमत्व अजून परत न मिळालेल्या ऑस्ट्रियाच्या हाती त्यानंतर जे राहिले ते एवढेच, की सरहद्द बदलत नसेल तर सरहद्दीपलीकडच्या लोकांसाठी काही हमी लिहून घ्यावी.

त्या वर्षी अशी हमी मिळणे ही किती अपवादात्मक गोष्ट होती! पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया येथून त्याच महिन्यांत लक्षावधी जर्मन भाषक आपली घरेदारे सोडून आगगाड्यांत कोंबले जात होते, आणि ते स्थलांतर ‘सुव्यवस्थित व माणुसकीने’ व्हावे एवढीच अट पॉट्सडॅम येथे बड्या राष्ट्रांनी घातली होती. अल्पसंख्यांच्या तहनाम्यांवरून साऱ्या जगाचे मन उडाले होते. यापुढे समुदायाला नव्हे, तर व्यक्तीला हक्क द्यावेत, असा नव्या राष्ट्रसंघटनेचा कल होता. १९१९ साली मध्य आणि पूर्व युरोपातील जर्मन भाषकांना संरक्षण होते आणि दक्षिण टिरोलला नव्हते. १९४६ साली तिकडचे जर्मन भाषक मुलखासह संरक्षण गमावून बसले होते, आणि दक्षिण टिरोलला ते मिळाले.

आणि मिळाले तेही निव्वळ दोघांतील चिठ्ठी म्हणून नव्हे. १० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिस येथेच इटलीशी जो शांततेचा तह झाला, त्याला हा करार चौथे परिशिष्ट म्हणून जोडण्यात आला, आणि मित्र व सहयोगी राष्ट्रांनी त्याची नोंद घेतली आहे असे तहाच्या दहाव्या कलमात लिहिले गेले. त्या तहावर सही करणाऱ्या राष्ट्रांत हिंदुस्थानही होता. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून परत आणणारे शिपाई नामदेव जाधव, या दोघा व्हिक्टोरिया क्रॉसधारकांची मराठा पलटण ज्या मोहिमेत लढली, त्या मोहिमेच्या अखेरीचा हा तह होय. ज्या राष्ट्रांनी या तीन कलमांची नोंद घेतली त्यांत आपले नाव त्या शिपायांच्या रक्ताने लिहिले गेले आहे.

आता कलमांकडे वळतो. पहिल्यात मातृभाषेतील शिक्षण, कचेऱ्यांत दोन्ही भाषांची समकक्षता, स्थळांची द्वैभाषिक नावे, बदललेली आडनावे परत घेण्याचा हक्क, आणि सरकारी नोकऱ्यांत अधिक योग्य प्रमाण, असे पाच जिन्नस आहेत. तिसऱ्यात १९३९ च्या निवडीचा न्यायबुद्धीने फेरविचार, पदव्यांची परस्पर मान्यता आणि सरहद्दीवरील दळणवळण यांविषयी एका वर्षाच्या मुदतीची अभिवचने आहेत, आणि ती पुष्कळ अंशी पाळली गेली. २ फेब्रुवारी १९४८ च्या फर्मानाने जाण्याचा पर्याय दिलेल्यांना नागरिकत्व परत मिळविण्याची वाट मोकळी झाली, आणि गेलेल्यांपैकी हजारो माणसे आपल्या दऱ्यांत परत आली. वादाचे मूळ ठरले ते दुसरे कलम.

त्या कलमात म्हटले आहे की, उपरोक्त भागांतील लोकांना स्वायत्त प्रादेशिक कायदेकारी आणि कार्यकारी अधिकार दिले जातील, आणि ज्या ‘चौकटीत’ ही स्वायत्तता लागू व्हावयाची ती चौकट स्थानिक जर्मन भाषक प्रतिनिधींशी ‘देखील’ विचारविनिमय करून ठरविली जाईल. ‘चौकट’ म्हणजे अधिकारांची चौकट, की मुलखाची चौकट? ग्रूबर आणि टिरोलचे लोक यांच्या दृष्टीने स्वायत्तता बोल्झानो प्रांताला मिळावयाची होती. दे गास्पेरींनी ती बोल्झानो आणि त्रेंतो या दोन्ही प्रांतांच्या जोडप्रदेशाला दिली. आणि त्रेंतोत बहुतेक सर्व लोक इटालियन भाषक असल्याने, जोडप्रदेशाच्या विधिमंडळात जर्मन भाषक पुन्हा अल्पसंख्य झाले.

दे गास्पेरींच्या हेतूंविषयी पुष्कळ कठोर लिहिले गेले आहे. मला त्यांच्याबद्दल अधिक सहानुभूती वाटते. त्यांचा जन्म १८८१ साली त्रेंतोच्या मुलखातच, सम्राट फ्रान्झ योझेफच्या रयतेत झाला. ते व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकले, १९११ पासून तेथील पार्लमेंटात त्रेंतोच्या इटालियन भाषकांचे प्रतिनिधी म्हणून बसले, आणि त्यापूर्वी १९०४ साली इन्सब्रुक येथे इटालियन विद्याशाखेवरून झालेल्या दंग्यात काही दिवस तुरुंगातही राहिले. त्या काळी टिरोलच्या प्रांतिक सभेत इटालियन हेच अल्पसंख्य होते, इन्सब्रुकच्या जर्मन बहुमताखाली त्यांचा जीव गुदमरत होता आणि त्रेंतोला वेगळी स्वायत्तता हवी ही त्यांची जुनी मागणी होती. म्हणजे दुसऱ्याच्या बहुमताखाली राहणे काय असते हे दे गास्पेरींना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. आपल्या जन्मभूमीलाही स्वायत्तता मिळावी, ही त्यांची इच्छा मला खोटी वाटत नाही. परंतु ज्या ओझ्याखाली त्रेंतो इन्सब्रुकच्या सभेत वाकले होते, तेच ओझे आता बोल्झानोच्या खांद्यावर त्रेंतोच्या सभेतून पडले.

विचारविनिमय मात्र झाला, आणि येथेच ती घाईची फारखत लिहिली गेली. १९४८ च्या जानेवारीत, स्वायत्ततेचा कायदा संविधान सभेपुढे येण्याच्या सुमारास, काही मोजक्या सुधारणांच्या मोबदल्यात लोकपक्षाच्या पुढाऱ्यांकडून त्या कायद्याच्या समितीचे प्रमुख पेरासी यांच्या नावे एक पत्र घेण्यात आले. स्वायत्ततेच्या मूलभूत प्रश्नापुरता पॅरिसचा करार अमलात आला आहे, अशा आशयाचे समाधान त्यात व्यक्त झाले होते. पुढारी थकलेले होते, नागरिकत्वाचा प्रश्न टांगणीला लागला होता, आणि नाही म्हटले तर असलेलेही हातचे जाईल ही भीती होती. या पत्रापायी त्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु मला तो देववत नाही. तरी पुढे कित्येक वर्षे, प्रत्येक तक्रारीसमोर, रोमच्या दप्तरातून ते पत्र बाहेर काढले जात असे.

कायदा कागदावर आला, पण प्रांताच्या वाट्याचे अधिकारही अमलबजावणीच्या नियमांअभावी अडून राहिले. सरकारी नोकऱ्या आणि सरकारी घरे बहुतांशी दक्षिणेकडून येणाऱ्यांच्या हाती जात राहिली. १९५३ साली गाम्पर यांनी, भुयारी शाळांचे तेच वृद्ध धर्मोपदेशक, आपल्या वर्तमानपत्रात लिहिले की आपला समाज मृत्यूच्या वाटेवर चालू लागला आहे. १९५७ मध्ये बोल्झानोत पाच हजार नव्या घरांची योजना जाहीर झाली, तेव्हा १७ नोव्हेंबर रोजी सिगमुंट्सक्रोनच्या पडक्या किल्ल्यात सुमारे पस्तीस हजार लोक जमले. महायुद्धात एक पाय गमावलेले लोकपक्षाचे पुढारी सिल्व्हियुस मागनागो तेथे बोलले, आणि त्रेंतोपासून सुटका ही मागणी घोषणा झाली. जमाव शांतपणे पांगेल असा शब्द त्यांनी अधिकाऱ्यांना दिला होता. चिडलेल्या तरुणांना शहरावर चालून जाण्यापासून आवरून त्यांनी तो पाळला.

ऑस्ट्रियाला १९५५ साली सार्वभौमत्व परत मिळाल्यावरच खरा जाब विचारणारा उभा राहिला. परराष्ट्रमंत्री ब्रुनो क्रायस्की यांनी प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला. हा इटलीचा अंतर्गत प्रश्न आहे आणि वाद असलाच तर तो कायद्याचा असून हेगच्या न्यायालयात जावा, असे रोमचे म्हणणे होते. ३१ ऑक्टोबर १९६० च्या ठरावाने आमसभेने दोन्ही राष्ट्रांना, १९४६ च्या कराराच्या अमलबजावणीविषयीचे मतभेद वाटाघाटींनी मिटवावेत, असे सांगितले. ठरावाचे शब्द सौम्य आहेत, तरी त्यातून निघालेला अर्थ फार मोठा होता. बोल्झानोतील ‘जर्मन भाषक घटका’चा प्रश्न हा इटलीचा घरगुती मामला उरला नाही, आणि तो विचारण्याचा हक्क व्हिएन्नाला आहे हे जगाने मान्य केले. चौथ्या परिशिष्टाचा उपयोग झाला तो असा.

१९६१ च्या जूनमधील एका रात्री विजेचे कित्येक मनोरे सुरुंगांनी उडविण्यात आले. न उडालेला एक सुरुंग काढताना दुसऱ्या दिवशी एका रस्ताकामगाराचा बळी गेला. पकडलेल्या तरुणांचा कोठडीत छळ झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि पुढील वर्षांत आणखी माणसे मारली गेली. सुरुंगांनीच रोमला जाग आणली असे मानणारे लोक तेथे आहेत. मला तसे म्हणवत नाही, कारण प्रश्न आमसभेपुढे त्या रात्रीच्या आधीच पोहोचला होता. त्याच वर्षी एकोणीस सभासदांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६४ मध्ये आला, आणि वाटाघाटींतून अखेर १३७ उपायांची एक यादी तयार झाली. नोव्हेंबर १९६९ मध्ये मेरान येथे लोकपक्षाच्या परिषदेत रात्र उलटेपर्यंत वाद होऊन ती सुमारे ५३ टक्के मतांनी कशीबशी मंजूर झाली.

या यादीबरोबर जे दुसरे पत्रक होते त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचित जाते, आणि मला तर तेच सर्वांत मोलाचे वाटते. कोणत्या पक्षाने कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करावयाची याचे ते वेळापत्रक होते. तंटा मिटला असे ऑस्ट्रियाने जाहीर करावयाचे ते सर्व उपाय अमलात आल्यानंतर, आधी नव्हे. पेरासींच्या पत्राचा धडा येथे गिरविला गेला. १९७२ मध्ये नवा स्वायत्तता कायदा लागू झाला आणि अधिकारांचा मोठा हिस्सा जोडप्रदेशाकडून प्रांताकडे आला. शाळेत शिकविणाऱ्याचीही ती भाषा मातृभाषाच असली पाहिजे, इतका बारकावा त्यात आहे. १९७६ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात वाटण्याची आणि प्रत्येक नोकरास दोन्ही भाषांची परीक्षा देण्याची पद्धत आली. पोलिसांपुढे आणि न्यायालयात जर्मन भाषेत आपली बाजू मांडण्याचा हक्क तपशीलवार लिहिला गेला तो १९८८ साली, म्हणजे समकक्षतेचे वचन दिल्यानंतर बेचाळीस वर्षांनी. जून १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने तंटा मिटल्याचे इटलीला आणि संयुक्त राष्ट्रसंघाला कळविले. ही फारखत तंट्याची होती, कराराची नव्हती. पॅरिसचा करार तिने रद्द झाला नाही, आणि त्याबद्दल विचारण्याचा व्हिएन्नाचा हक्कही संपला नाही.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिच्यापायी लोकांच्या वाट्याला आलेले दुःख झाकू नये. नोकऱ्यांचे प्रमाण ठरवावयाचे तर प्रत्येकाने आपण कोणत्या भाषिक गटाचे हे लिहून दिले पाहिजे. मग ज्याची आई एका भाषेची आणि बाप दुसऱ्या भाषेचा, त्याने काय लिहावे? १९४६ साली श्टेर्त्सिंग येथे जन्मलेले आलेक्झांडर लांगर यांनी असे लिहून देण्याचे शेवटपर्यंत नाकारले, कारण १९३९ च्या निवडीची छाया त्यांना त्या कागदावर दिसत होती. १९९५ मध्ये त्याच कारणाने त्यांना बोल्झानोच्या महापौरपदाच्या निवडणुकीस उभे राहता आले नाही. बोल्झानो शहरात इटालियन भाषक आजही बहुसंख्य आहेत. मुसोलिनीच्या काळी कारखान्यांसाठी आणलेल्या कामगारांच्या नातवंडांना, आपण जन्मलो त्या गावात परके ठरतो की काय, ही जी भीती वाटत आली, तीही खरी आहे. आणि डोलोमाइट पर्वतांतल्या दऱ्यांत लादिन ही प्राचीन भाषा बोलणारे लोक आहेत, २०११ च्या गणनेप्रमाणे साडेचार टक्के. पॅरिसच्या करारात त्यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. त्यांना जे मिळाले ते नंतरच्या कायद्यांतून, हळूहळू, दोन मोठ्या भावांच्या भांडणाच्या फटीतून मिळाले.

स्थळनामांचा तंटाही अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. द्वैभाषिक नावांचे वचन पहिल्या कलमातच आहे आणि रस्त्यावरच्या पाट्या दोन, काही दऱ्यांत तीन भाषांत आहेत. परंतु टोलोमेइच्या नामावळीतील कोणती नावे कायद्याने ठेवावीत आणि कोणती सोडावीत, यावर सर्वांचे एकमत झालेले नाही. पुढील पानांत म्हणूनच मी अशी रीत ठेवली आहे की, मूळ दस्तऐवजात जे नाव असेल ते तसेच ठेवावे आणि शेजारी दुसऱ्या भाषेतील नाव द्यावे. जेथे लादिन नाव आहे तेथे तेही दिले आहे. करारातील ‘घटक’ हा शब्द मात्र मी बदललेला नाही, आणि तिसऱ्या कलमात दक्षिणेची जी जागा रिकामी आहे, ती रिकामीच ठेवली आहे.